माझ्या हातचा पाय

ती. बाबा,
तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार. मी बनवून दिलेल्यालाही.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. इथे परदेशात काम करायच्या परवान्याची लेखी परीक्षा पास झालो, पण आता वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचं. तोवर एकट्याने कुणाला कृत्रिम पाय बसवायचा नाही. म्हणजे इतकी वर्षं पाय बनवून मी परत बिगरीत! त्यामुळे यंदाही येणं जमणार नाही.

ताई म्हणाली, तुमचा पाय सैल झालाय, आत मोजे कोंबून चालता. कातडी सोलवटली नाही ना? तिने तिथल्या कारागिराकडे जा म्हटलं, तर तुम्ही म्हणे "पोरगा येईल की."

दुसऱ्याच्या हातचा पाय घातलात तर मला वाईट वाटेल, म्हणूनच थांबलाय ना?

वाटेल, बाबा. तरी उद्याच जा.

तुमचा,
बिगरीतला