क्रूझच्या फॉर्मवरचं नाव

जितेंद्र,

काल तू फोनवर म्हणाला, “आई, साठीत कोणी हनिमूनले जाते काय? क्रूझ सोड, रामटेकले जाऊन ये.” माझ्या दुसऱ्या लग्नाले इथल्या इथं मनीषनगरातून याले तुले वेळ भेटला नाही, सल्ला द्याले बरा भेटला!

खरं म्हणजे मी नाहीच म्हणणार होती. अंबाझरी तलावातल्या बोटीतही मले गरगरते. पण फोन ठेवता ठेवता तू विचारलं, “अन् सुट्ट्यांत आर्यनले कोण पाहीन?”

म्हणजे तुले माझी लाज नाही वाटून राहिली. तुझ्या पोराची फुकटची आया चालली, म्हणून तू घाबरून राहिला.

मी तेव्हाच यांच्या हातातून क्रूझचा फॉर्म घेतला अन् भरला. अडचणीत कोणाले कळवायचं, त्या रकान्यात सवयीनं तुझं नाव लिहिलं, अन् मग खोडलं. जहाज बुडालं तरी तू पहिले माझ्या परतीची तारीखच विचारशीन.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलं की तू आर्यनले पुढे करशीन, अन् त्याच्यासमोर माझं काही चालत नाही.

तुझी आई,
सौ. सुभद्रा केशवराव काळमेघ