हरणमाळाचे चार एकर

मी, कु. मुक्ता सुंदरराव घोळवे, वय २६, बी.एस्सी., रा. मोरदरा, ता. केज, जि. बीड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सोमवारी औरंगाबादला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. मी परत येणारच आहे. पण माळाचे भवितव्य माझ्या येण्यावर टाकून जाणार नाही.

१. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली माळावरची चार एकर जमीन मी आमच्या महिला गवत सहकारी संस्थेला देते. ती कुरणाच्या अगदी मध्यावर आहे. तिथे खडी क्रशर बसला, तर हरणे जातील आणि गवतावर धूळ बसेल. हरणांसाठी चराई बंद केलेल्या याच माळाच्या गवतावर यंदाच्या दुष्काळात चाळीस घरांची जनावरे दावणीला राहिली, छावणीत गेली नाहीत.

२. अटी तीनच. बी गळाल्याशिवाय कापणी नाही, घरटी एकच विळा, आणि ओढ्याकाठचा पट्टा पाडसांना लपायला तसाच ठेवायचा. अध्यक्षांच्या म्हशीलाही सूट नाही. भामाबाई, हे तुमच्यासाठीच लिहिले आहे.

३. माझी दुर्बीण शेजारच्या कडूबाईंना. पहिला पाणवठा मी पुस्तकात पाहून उभ्या भिंतींचा बांधला, त्यात एक पाडस बुडाले. कडूबाई म्हणाल्या, "एवढी शिकलीस, पण पेणाऱ्याला उतार लागतो हे न्हाई का शिकवलं?" दुसऱ्या दिवशी त्यांनीच पहार आणून एक भिंत फोडली आणि उतार केला.

४. माझे बाकी जे काही असेल ते आई बायनाबाईचे.

५. थोरला भाऊ शहादेव याला काही देत नाही. क्रशरवाल्याला त्याने मला न विचारता शब्द दिला, तो राग अजून आहे. काल म्हणाला, "भावाला वगळायचं कोणत्या कॉलेजात शिकवतेत?" मी म्हणाले, "दादा, तुझ्या विहिरीला पाणी हाय ना? ते माळावरच्या चरांनी मुरवलेलं हाय." साक्षीदाराची एक जागा त्याच्यासाठी मोकळी सोडते. ज्याला यातून काहीच मिळत नाही, त्याची सही असली की उद्या हा कागद कोणी हलवू शकणार नाही.

स्थळ : मोरदरा
दि. १४ मे २०१६

मुक्ता सुंदरराव घोळवे (सही)

साक्षीदार :
१. माणिकराव शिंदे, निवृत्त शिक्षक (सही)
२. शहादेव सुंदरराव घोळवे (सही). समदं वाचलं. क्रशरवाल्याला मी सांगतो. तू बरी होऊन ये.