हाल हाजर

माय, तू जाऊन खूप वर्षं झाली. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू अर्ध्यातून उठून चुलीकडे गेली असतीस. आज लिहायला बसले ते भावजयीमुळे. ती आपल्या गावाहून, कुरुंद्याहून आली होती. जेवताना म्हणाली, "आत्याबाई लई मायेच्या व्हत्या, बाई. धामधुमीचं साल, रस्त्यानं भ्या, म्हणून तर तुमाला परीक्षेतून घरी बलावून घेतलं त्याईनं." मी भात कालवत राहिले. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. लुटालुटीची, जाळपोळीची ती धामधूम त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झाली हे तिला कोण सांगणार? तू मला का बोलावलंस ते तुला ठाऊक होतं, आणि मलाही आहे.

डोंगरकडा गावात मला दिलं तेव्हा मला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. वर्षाच्या आत नवरा तापानं गेला आणि मी माहेरी परत आले. त्याचा चेहरा मला आठवत नाही. गावातल्या कुणब्यांत पाट लागायचा, विधवा पोरी पुन्हा नांदायला जायच्या. आपण मोठ्या घरचे म्हणून माझा लागला नाही. वडील ओसरीवर सुपारी कातरत बसलेले असायचे, घरात असून नसल्यासारखे. मी हळदीत राबायचे. उकरायची, काहिलीत शिजवायची, वाळवायची, मग पोत्यात घालून घासायची. कोपरापर्यंत हात पिवळे व्हायचे, महिनाभर रंग सुटत नसे. आणि संक्रांतीला तू घरोघरच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचीस तेव्हा मला आधीच सांगायचीस, "तू गोठ्यात जाऊन बस, कोनाच्या नजरेला पडू नकोस." हळद माझ्या हाताला चालायची, कपाळाला चालायची नाही. गोठ्यात बसून मी वाट्यांचे आवाज ऐकते आहे, तू हसते आहेस, आणि तुझं हसणं किती गोड होतं, माय. मला ते कधी मिळालं नाही.

तुझा भाऊ हैदराबादेत वकील होता. एका खेपेला आला, मला पाहून गेला, आणि जाताना घेऊनच गेला. तू हरकत घेतली नाहीस. खाणारं एक तोंड कमी झालं असं शेजारणीला सांगितलंस. मामांनी मला शाळेत घातलं, पुढे विद्यापीठात. सगळं शिक्षण उर्दूत. तिथे मी जो विषय घेतला त्याचं नाव हालाते हाजरा, म्हणजे आज जगात चाललेल्या घडामोडी. मुलींसाठी मध्ये पडदा असायचा. पडद्याच्या अलीकडे बसून मी युरोपातल्या निर्वासितांविषयी ऐकायचे, जपानवरच्या बॉम्बविषयी, गोऱ्यांचं राज्य झुगारणाऱ्या देशांविषयी. गोठ्यातून उठून मी एकदम जगाच्या मधोमध येऊन बसले असं वाटायचं. मी इतकी सुखी पुन्हा कधी झाले नाही.

सुट्टीत घरी आले तेव्हा तू आणि आळीतल्या बायका स्वयंपाकघरात पापड लाटत होतात. एकीनं विचारलं, काय शिकून राहिली? मी नाव सांगितलं. तू लाटणं थांबवलंस.

"हाल हाजर? त्यासाठी तेवढ्या दूर काहून गेलीस? हितं घरातच तुझे हाल हाजर हाईत की."

बायका खूप हसल्या. मीही हसले, कारण कोटी खरोखर चांगली होती. मग मी समजावू लागले. जपानात एका बॉम्बनं अख्खं शहर कसं जळालं ते सांगितलं. तू मान खाली घालून ऐकत होतीस. मला वाटलं, माय ऐकते आहे. माझं बोलणं संपल्यावर तू शांतपणे म्हणालीस, "तुज्या नवऱ्यावर कोनता बॉम पडला व्हता? तू उंबरठ्यात पाय ठिवला अन् त्यो मेला." मग कोणी हसलं नाही. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. तू पुढचा पापड लाटायला घेतलास. तेव्हापासून घरात माझं नाव तेच पडलं. ए हाल हाजर, पाणी आण. ए हाल हाजर, भांडी घास.

शेवटच्या वर्षाची परीक्षा हळदीच्या दिवसांत आली. सगळे पेपर झाले होते, फक्त हालाते हाजरा उरला होता. आदल्या दिवशी तार आली की माय शेवटच्या घटका मोजते आहे. त्या काळी तार आली की माणूस गेलाच समजायचं. मी पुस्तकं तिथेच टाकली आणि गाडीत बसले. रडून रडून डोळे सुजले. काहीही म्हण, तू मरावीस असं मला तेव्हा वाटत नव्हतं. वसमतला आपला म्हातारा गडी बैलगाडी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, सगळं संपलं. आणि शेतात येते तर तू काहिलीपाशी उभी, वाफेत, हातात लाकूड घेऊन.

"आलीस? पदर खोच. मजूर मिळून न्हाई राहिले."

"माय, तुला काय झालं होतं?"

"मला काय व्हनार? खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"माझा पेपर होता."

"पेपरानं काय कपाळावर कुंकू लागनार हाय?"

तांड्यावरच्या बाया बांधावर बसून होत्या. काम मागायला आल्या होत्या, आणि तू त्यांना माझ्यादेखत परत पाठवलंस. म्हणून भावजयीचं बोलणं मला पटलं नाही. तुला भीती नव्हती, माझ्या हातांची गरजही नव्हती. लेक आपल्यापुढे जाते आहे हे तुला सोसवत नव्हतं, एवढंच होतं. निकालात त्या विषयापुढे शेरा आला, गैरहाजिर. हाजरा विषयात गैरहाजिर. तुला सांगितलं असतं तर तू यावरही हसली असतीस. मला राग येतो, माय. आजही येतो.

मामांनी रदबदली केली आणि मी पुन्हा पहिल्यापासून परीक्षेला बसले. पुन्हा तोच शेवटचा पेपर उरला. सकाळी निघायच्या वेळी दारात म्हातारा गडी उभा.

"बाई, तार न्हाई केली यंदा. तुमी मानली नसती, म्हून म्या सोता आलो. माय लई खंगली. तुमाला बलावून राहिली."

मी त्याला एवढंच विचारलं, "हळद शिजली का?"

"कुठली हळद, बाई? समदी वावरातच हाय. कोनाला सुचून राहिलं?"

तू उठू शकत असतीस तर हळद वावरात राहिली नसती. म्हणजे सांगावा खरा होता. मामा म्हणाले, चल. मी म्हटलं, मामा, तुम्ही जा. ते गड्याला घेऊन स्टेशनकडे गेले. तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलीस. दाराकडे बघत होतीस असं मामांनी नंतर सांगितलं, आणि पुढे बरीच वर्षं ते माझ्याशी मोजकंच बोलले.

भावजयीला मी यातलं काही बोलले नाही. तिला रात्रीच्या गाडीनं जायचं होतं, शिदोरी बांधून दिली. हे पत्रही कुठे जाणार नाही. पण तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशीच्या पेपरात, युद्धात घर गमावलेल्या लोकांना जगानं कुठे ठेवावं, असा पहिलाच सवाल होता. लिहिताना पेन अडेल असं मला वाटलं होतं, ते अडलं नाही. पुरवणी मागून घेतली, तीही भरली. माय, तो पेपर माझा सगळ्यांत चांगला गेला.