अजिबात त्रास नाही

ती. ताईस धाकट्याचा वाकून (जमेल तितकं) नमस्कार.

तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमच्या मांजरीचा रुसवा, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. माझ्या संधिवाताचं विचारलंस. प्रकृती झकास, फक्त मी गाढव आहे.

त्याचं असं झालं. दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एक कागद भेटतो. खुर्चीतून उठता येतं का, नळ पिळता येतो का आणि (नीट धरून बस) शर्टाची बटणं लावता येतात का! अगं, पस्तीस वर्षं गावाच्या अंगावर शर्ट चढवणाऱ्या शिंप्याला हा प्रश्न? त्यात शेजारी माझंच एक गिऱ्हाईक (त्याची पँट अजून द्यायचीय) मान लांब करून बघत होतं. मग काय, वरपासून खालपर्यंत ‘अजिबात त्रास नाही’वर खुणा ठोकून दिल्या. आत डॉक्टरांनी एकेक सांधा दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण मी आपला त्यांच्या कोटाच्या शिलाईवर बोलत राहिलो (डावा खांदा खरंच उतरलाय, पाऊण इंच तरी). डॉक्टर खूश! औषध छान लागू पडलंय म्हणाले आणि गोळ्या निम्म्यावर आणल्या. मीही शीळ घालत घरी आलो.

दहा दिवसांत बोटांची वांगी झाली. कात्री उघडते, मिटत नाही. परवा एका बाहीला तीन दिवस लागले. सोमवारी पुन्हा तपासणी आहे. खरं सांगितलं तर गोळ्या वाढतील, कदाचित इंजेक्शन. नाही सांगितलं तर सांधे कायमचे वाकडे होतात म्हणे, मग दुकानाला कुलूप. त्या कुलपाची मला फार भीती वाटते गं. सगळं कळतं, पण तो कागद हातात आला की अंगात येतं.

बाकी क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चल. लहानपणी माझी एकही लबाडी तू बाबांपासून लपू दिली नाहीस. तीच कला डॉक्टरांपुढे दाखव. मी चिडल्यासारखं करीन, लक्ष देऊ नकोस.

आणखी ता. क. वन्सं, पत्र यांनी सांगितलं, लिहिलं मी. यांना पेन धरवत नाही. (हे वाचून दाखवायला सांगतील, तेव्हा एवढं गाळीन.) चहाडी मी कालच करून आले, डॉक्टर सोमवारी नवं औषध ठरवणार आहेत. तरी तुम्ही याच. रोज सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावते आणि हे खिडकीबाहेर बघत उभे राहतात. आठवडा झाला, असंच चाललंय. तुमच्याजवळ तरी एकदा रडू देत.