टलकची मिशी आणि ओटची लापशी

इन्व्हरकार्न,
५ ऑगस्ट १९७४

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. पत्राला तोंड नसतं, म्हणून लिहितोय. शनिवारी गोल्फमध्ये टलककडून पुन्हा हरलो. टलक म्हणजे तोच, औषधांच्या दुकानाचा मालक, ज्याची मिशी त्याच्याआधी खोलीत शिरते. बाराव्या होलपर्यंत मी चांगला चार होलनी पुढे होतो. मग वाऱ्याने घात केला. पाय शिशाचे झाले, एक चेंडू समुद्रात गेला, दुसरा पाद्रीबाईंच्या गुलाबांत. जाता जाता टलक म्हणाला, की मर्डो, तू बारा होलांचा उत्तम खेळाडू आहेस. उरलेल्या सहांना घरातलं दुसरं कुणी पाठवत जा.

क्लबच्या चषकाचा अंतिम सामना सात सप्टेंबरला त्याच्याशीच आहे. विजेत्यांच्या फळीवर माझं नाव कधी लागलं नाही. जीनला नवऱ्याचं नाव तिथे बघायची फार हौस होती. फळीवरून नजर फिरवून ती दरवर्षी म्हणायची, की जागा आहे अजून. तू इतकी वर्षं शाळेत पोरींना हॉकी शिकवलीस. वाऱ्यावर काही उपाय असला तर कळव.

लहान भावावर राग नको.
तुझा, मर्डो

अ‍ॅबर्डीन,
९ ऑगस्ट

चि. मर्डोस अनेक आशीर्वाद.

वारा टलकलाही तोच होता, तेव्हा वाऱ्याला सोड. सकाळी काय गिळलं होतंस? थांब, मीच सांगते. क्लबातली तळलेली सॉसेजं, तळलेली अंडी, तळलेला पाव. काउंटर तळला असता तर तोही खाल्ला असतास. मध्ये थांबून खिम्याची पॅटिस, आणि खिशातल्या चपट्या बाटलीतली व्हिस्की. पाण्याचा थेंब नाही. एवढ्यावर बैलसुद्धा बाराव्या होलला बसकण मारेल. तुझे पाय शिशाचे झाले नव्हते बाबा, तू अर्धा झोपला होतास आणि अर्धा झिंगला होतास.

आता ऐक. खेळाच्या दोन-तीन तास आधी ओटची लापशी आणि एक उकडलेलं अंडं. पिशवीत पाण्याची बाटली. तहान लागायची वाट न बघता दर दोन होलला घोटभर प्यायचं. भूक लागायच्या आधी केळं, नंतर ओटची बिस्किटं आणि चीज. व्हिस्की शेवटच्या होलनंतर. आदल्या रात्री नीट जेवण: मासा, बटाटे, भाजी. डब्यातलं नाही. जीन गेल्यापासून तुझ्या घरची शेगडी थंड आहे, हे मला दीडशे मैलांवरून दिसतं.

तब्येतीस जप. लोभ आहे, म्हणून शिव्याही आहेत.
तुझी, एफीताई

इन्व्हरकार्न,
२६ ऑगस्ट

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

तू सगळ्या गावात माझं हसं केलंस. पहिली लापशी पातेल्याला अशी चिकटली, की पातेलंच टाकावं लागलं. दुसरी मी खाल्ली, कारण समुद्रावरचे सीगल पक्षीही खाईनात. सहाव्या होलला केळं काढलं तर टलकने चौफेर बघत विचारलं, की मदारी कुठे गेला? पाणी पिताना पाहून बारवाला सँडी जवळ आला आणि हळूच म्हणाला, की मर्डो, डॉक्टरांनी किती दिवस दिलेत?

पण ताई, अठराव्या होलवर मी शिट्टी वाजवत होतो. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझे पाय माझ्याच बरोबर घरी आले. सलग दोन शनिवार जिंकलोय. काल हॅडक मासा वाफवला, बटाटे उकडले. जीनचा ॲप्रन बांधला होता, मागे गाठ बसत नाही.

तुझं प्रेम राहू दे, उपदेश पुरेसा झाला.
तुझा, मर्डो

इन्व्हरकार्न,
८ सप्टेंबर

ती. एफीताईस,
सा. न. वि. वि.

आधी सांगून टाकतो: हरलो. एका होलने. आता शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाच.

चौदाव्यापर्यंत मी तीन होलनी पुढे होतो. पंधराव्यावर टलक हिरवळीपासून मैलभर लांब, आणि हातात पटर, ती होलजवळ चेंडू हळूच ढकलायची काठी! मला वाटलं चेष्टा करतोय. पण तोंड चुन्यासारखं पांढरं, घामाने मिशी ओली. मला पाहून म्हणाला, की नमस्कार, दुकान सोमवारी उघडेल. तेवढ्यात पंच आले. म्हणाले, की मर्डो, हा खेळू शकत नाही, सामना तुझा. मी हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

मला फळी दिसली, ताई. खोटं कशाला सांगू, आधी फळीच दिसली. मग पंचांना म्हटलं, की दहा मिनिटं थांबा, आणि त्याला वाळूच्या खड्ड्याच्या काठावर बसवलं. केळं सोलून हातात दिलं, पाणी पाजलं, बिस्किटं आणि चीजही. माझं सगळं खाल्लं बेट्याने. शुद्धीवर आल्यावर कळलं, की माझं बघून त्यानेही उपाय योजला होता: मर्डो खातो, तर आपण उपाशी राहायचं, अंग हलकं राहतं! सकाळपासून पोटात नुसते व्हिस्कीचे दोन घोट. औषधं विकणारा माणूस!

तो उठला आणि उरलेले चारही होल जिंकला. आणि मी? शेवटच्या दोन होलला माझंच पोट रिकामं. सव्वा हातावरून चेंडू चुकला. संध्याकाळी चषक घेऊन टलकने देवाचे, समितीचे आणि हवामानाचे आभार मानले. केळ्याचं नाव नाही. पण आज सकाळी दारात उभा! चषक बगलेत, मिशी खाली. मान वर न करता विचारलं, की ती लापशी पातेल्याला न चिकटता कशी करतात? त्याचीही बायको नाही, हे मला ठाऊक होतं. पण तोही डब्यातलंच खातो, हे आज कळलं. मी चमचा हातात दिला आणि म्हटलं, ढवळ.

राग गिळून दोन ओळी पाठव.
तुझा हरलेला, मर्डो

अ‍ॅबर्डीन,
१२ सप्टेंबर

चि. मर्डोस अनेक आशीर्वाद.

तुझ्याएवढा गाढव आपल्या घराण्यात झाला नाही. शत्रूला जेवू घालायचं तर घाल, पण सगळी बिस्किटं? अर्धी स्वतःला ठेवली असतीस तर फळीवर नाव असतं. पत्र वाचून मी तासभर स्वयंपाकघरात आदळआपट केली. मग परत वाचलं. मग पुन्हा.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. त्या टलकला जेवायला बोलावून ठेव. ती मिशी मला एकदा बघायचीय. स्वयंपाक तुम्ही दोघांनी करायचा, मी बसून नावं ठेवणार.

आणि एक. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी निकाल विचारला. तुझं पत्र अजून हातात पडलं नव्हतं, म्हणून कळलं की सांगते म्हटलं. काल पत्र वाचल्यावर मुद्दाम पाद्रीबाबांच्या घरी गेले आणि सांगितलं, माझा भाऊ जिंकला. इथलं कुणी भेटलं तर खुलासा करत बसू नकोस.

जेवत जा.
तुझी, एफीताई