तीन किलवर आणि आई

चारकोप, मंगळवार

चि. निलेश यास,

हर्षदभाऊजींचे चारकोपहून भरघोस आशीर्वाद. इकडे मी, तुझी बहीण श्वेता आणि आई खुशाल आहोत. तुझी पाठ कशी आहे? अपूर्वाचा खोकला गेला का? दिंडोशीच्या घराचं काम संपलं, फरश्या छान बसल्या आणि आता रविवारी तू टॅक्सी घेऊन आईंना न्यायला येणार, हे श्वेताकडून कळलं. आनंद झाला (थोडा). फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझ्या फरश्या उखडल्या म्हणून आई आमच्याकडे आल्या, ते तुला माहीतच आहे. इथे त्यांना करमेना. आमच्या सोसायटीत पंपरूमच्या शेजारी एक खोली आहे, तिला आम्ही क्लब म्हणतो (पंखा एक, तोही आमचे नेहमीचे प्रतिस्पर्धी रतनराव यांच्या डोक्यावर). तिथे संध्याकाळी आम्ही ब्रिज खेळतो. एकदा माझ्या भिडूचे गुडघे धरले, म्हणून चौथं माणूस लागतं एवढ्याच हिशेबाने मी आईंना नेलं. गावी गणपतीच्या जागरणात त्या ‘तीनशे चार’ हा पत्त्यांचा खेळ खेळलेल्या, त्यामुळे बोली म्हणजे काय हे शिकवावं लागलं नाही. बाकीचं हळूहळू येईल, असं मला वाटलं होतं. यार निलेश, माझीच वाट लागली.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पानं वाटली, पहिली बोली आईंची, आणि त्या एकदम म्हणाल्या, तीन किलवर (म्हणजे किलवर हुकूम, तेरापैकी नऊ हात आमचे). सभ्य माणसं एकपासून चढत जातात, आपल्या हातात काय आहे ते भिडूला हळूच कळवतात. इथे आईंकडे किलवरची सात पानं, त्यात राजा-राणी, आणि बाकी सगळा कचरा. पण रतनरावांच्या हातात एक्क्यांची जत्रा भरलेली. त्यांना आपल्या भिडूशी बोलायला खालची सगळी जागा आईंनी खाऊन टाकलेली. त्यांनी डोळे मिटून चार इस्पिक म्हटलं, समोर भिडूकडे इस्पिकचं एकच पान निघालं आणि ते जे आपटले, ते पाणी प्यायला उठले. मी विचारलं, आई, हातात काही नसताना एवढी मोठी बोली? तर म्हणाल्या, "हातात काय नाय, तेवाच मोठ्यान बोलूचा. तेंका बोलूक जागाच ठेवूची नाय."

आता तुला वाटेल, म्हणजे सासूबाई नुसत्या रेटून बोलतात. तसं नाही रे, तिथेच तर त्यांची कमाल आहे. एकाच रंगाची लांबलचक पानं हवीत आणि तीही दमदार. सात फुटकळ पानांवर त्या तोंड उघडत नाहीत. इस्पिकची चार पानं बाजूला असतील तर गप्प, कारण कदाचित तोच आपला खरा रंग निघेल. हरल्यावर दंड जड पडणार असेल तर दोनदा विचार. आणि बाकीचे तिघं आधीच पास म्हणाले असतील तर ओरडायचं कुणासाठी? एकदा बोलल्या की पुढे भिडू काय करेल ते करो, त्या पुन्हा बोलत नाहीत (हा गुण तुझ्या बहिणीत कसा उतरला नाही, हे कोडं आहे). एकदा समोरच्यांनी डबल म्हणून दंड वाढवला आणि त्या तीन हातांनी बुडाल्या. मी कपाळाला हात लावला, तर नंतर कळलं की समोरच्यांचा अख्खा गेम होऊन त्यांना भरपूर गुण मिळणार होते, आमचं नुकसान त्याहून कमीच झालं. झकास!

मग मलाही खुमखुमी आली. गेल्या बुधवारी माझ्या उजवीकडचे रतनराव आधी पास म्हणाले, नंतर माझी पाळी. माझ्याकडे बदामची सात पानं. आईंची बोली अजून व्हायची होती, पण मला कुठला धीर? ठोकून दिलं, तीन बदाम. समोर आईंकडे तीन एक्के आणि इस्पिकची रांग! मोठा डाव होणार होता. त्यांना तो सांगायला मी जागाच ठेवली नाही. शत्रूऐवजी मी आमचाच दरवाजा लावला. आईंनी घरी येऊन वालाची उसळ वाढली, ती मला जरा कमीच. त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, या बाईच्या समोर बसायला मिळतं हे आपलं भाग्य आहे. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा फार लळा लागलाय.

असो. अपूर्वाला आशीर्वाद. पाठीला शेक घे.

तुझा,
हर्षदभाऊजी

ता. क. पुढच्या महिन्यात चारकोपच्या सोसायट्यांची स्पर्धा आहे. तेव्हा रविवारी टॅक्सी आणू नकोस. फरश्या काय, पळून जात नाहीत.

ता. क. २ खरं म्हणजे स्पर्धेचं निमित्त आहे. आई आता कायमच्या इथेच राहणार, असं मी सोसायटीत सांगूनही टाकलंय. तू काही म्हणायच्या आत सांगितलेलं बरं. आईंना अजून बोललेलो नाही, त्या नाही म्हणणार नाहीत. रीतीप्रमाणे खाली आशीर्वादाच्या दोन ओळींपुरती जागा त्यांच्यासाठी सोडतो आहे. चष्मा दुरुस्तीला दिलाय, वरचं काही त्या वाचणार नाहीत.

चि. निलेश, अनेक आशीर्वाद. चष्मा काल आला. वरचं सगळं वाचलं. रविवारी अपूर्वाला घेऊन जेवायला ये, मला न्यायला नको. दिंडोशीला कधी यायचं आणि इथे किती राहायचं ते मी सांगेन. तूही मला विचारलं नव्हतंस आणि यांनीही नाही. जावईबापू, तुम्ही पण एवढ्यात खूश होऊ नका. स्पर्धेला मी रतनरावांची भिडू म्हणून नाव दिलंय. ते बोलायच्या आधी माझं काय आहे याचा विचार तरी करतात. आता दोघांनीही पास म्हणा.
— आई