मुकं धनुष्य आणि बाबांचा शर्ट

तीर्थस्वरूप ओरिनकाका यांना लाईलचा वाकून नमस्कार (मचाणावर बसून कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढा).

तिकडे ॲरिझोनाच्या उन्हात गुडघा काय म्हणतो? इकडे विस्कॉन्सिनात तळी गोठायला लागली आहेत, तुमची सून डार्लीन मजेत आहे, कुत्रा बरा होतोय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. दोन ओळी लिहितो आणि उठून खिडकीशी जातो.

झालं असं, की गेल्या हंगामात माझ्या धनुष्याचा आवाज ऐकून हरणं बाण पोचायच्या आत खाली दबायची आणि बाण पाठीवरून निघून जायचा. आपल्या शिकारी कॅम्पवरचा व्हर्जिल सगळ्यांसमोर म्हणाला, "लाईल, तू शिकार करतोस की चर्चची घंटा वाजवतोस?" माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. त्याच दिवशी मी धनुष्याचं तोंड बंद करायचा विडा उचलला. दोरीला रबरी मिशा बांधल्या, वरच्या-खालच्या पात्यांवर रबराच्या गुंड्या चिकटवल्या, हाताला बसणारा हादरा मारायला पुढे जड दांडा लावला. तरी कुठेतरी बारीक 'टंग' व्हायचंच, आणि ते मला जेवताना, अंघोळ करताना, पास्टरांचं प्रवचन चालू असतानाही ऐकू यायचं. मग दोरीला बांधायला बीव्हरच्या केसाळ पट्ट्या आणल्या, त्या कुत्र्याने खाल्ल्या (म्हणून तो 'बरा होतोय'). शेवटी डार्लीनच्या टोपलीतली लोकर ओढून तिचे गोंडे बांधले. ती तुमच्या स्वेटरच्या डाव्या बाहीची होती, पण ते असो. धनुष्य ख्रिसमसच्या झाडासारखं दिसायला लागलं, पण मुकं झालं!

गेल्या शनिवारी मचाणावर चढलो तो बाबांचा लाल चौकड्यांचा शर्ट घालून. नेम चुकला की अंगातल्या शर्टाचं मागचं लोंबतं शेपूट कापून कॅम्पच्या भिंतीवर ठोकायचं, या रिवाजापायी निम्मी भिंत माझ्याच चिंध्यांनी भरली आहे. पण बाबांचं शेपूट तिथे कधी लागलं नाही, हे दर वर्षी शेकोटीशी तुम्हीच सांगत आलात, आणि कात्री तर तुमच्याच हातात असायची. म्हटलं, त्यांच्या शर्टात तरी माझा हात स्थिर राहील.

नर आला. भलामोठा, ओकखाली पडलेली फळं खात. मी दोरी ओढली, श्वास रोखला, सोडली, आणि काका, नेम बघायचा सोडून आवाज येतो का ते ऐकत बसलो! आवाज आलाच नाही. बाण शेजारच्या पाइनमध्ये रुतला, आणि आपल्यावर कुणी बाण सोडला हे त्या हरणाला कळलंसुद्धा नाही. ते खातच राहिलं. मी आनंदाने असा वेडा झालो की दुसरा बाण लावायचं सुचलंच नाही. पलीकडच्या मचाणावरून व्हर्जिल हे सगळं बघत होता.

आता येत्या रविवारी चर्च सुटलं की कापाकापी. तुम्ही ॲरिझोनाला गेल्यापासून कात्री व्हर्जिलकडे असते आणि तो तिला धार लावून बसला आहे. शर्ट माझा असता तर मीच कापून दिला असता. पण बाबांचा तो एकटा अखंड शर्ट माझ्या वेंधळेपणापायी फाटला, तर त्या भिंतीकडे मला बघवणार नाही. कॅम्पात तुमचा शब्द अजून चालतो. व्हर्जिलला एक फोन करा, एवढीच विनंती.

आपला,
लाईल

ता. क. डावी बाही थोडी आखूड चालेल का, असं डार्लीन विचारते आहे. (तिने विचारलेलं मी फार सौम्य करून लिहिलं आहे.)

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात डार्लीनने शर्ट धुवायला उलटा केला. शेपूट मूळचं नाही! दुसऱ्याच लाल कापडाचं आहे, मासे धरायच्या दोऱ्याने शिवलेलं, आणि टोकाला तुमची ती गळ बांधायची गाठ. मी तसाच कॅम्पवर गेलो. शेगडीमागे भिंतीवर ठोकलेली, धुराने काळी पडलेली एक चिंधी आहे, तिच्या चौकड्या शर्टाशी जुळतात. काका, तुम्ही दोघे भाऊ एवढी वर्षं शेकोटीशी बसून गंभीर तोंड करून आम्हाला बनवत होतात? आधी मी पोट धरून हसलो, मग बाबांची फार आठवण आली. व्हर्जिलला फोन करू नका. कापू दे त्याला. फक्त तो दोरा उरला असेल तर थोडा पाठवा. गाठ मला येते, तुम्हीच शिकवली होती.